टच अँड गो

ताई घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घ्यायची. कुणी "मी गेल्या वर्षी पास आउट झालो" म्हटलं, की ती विचारायची, "मग शुद्धीवर कधी आलास?" धाकटा भाऊ बस चालवायचा. तो म्हणायचा, "सगळे बोलतात तोच अर्थ, ताई. शब्द काय तुझ्या कपाटात राहतात?" यावरून दोघांची जेवणं गार व्हायची.

आईला न्यूमोनिया झाला आणि तिला अतिदक्षता विभागात हलवलं. डॉक्टर घाईघाईत बाहेर आले, "इट्स टच अँड गो" एवढंच म्हणाले आणि लिफ्टमध्ये शिरले.

भावाने सुस्कारा सोडला. "सुटलो. टच झालं नि गेलं. परवा एक ट्रक माझ्या बसला असाच चाटून गेला, ओरखडासुद्धा नाही."

ताई बंद लिफ्टकडे बघत राहिली. "तसं नसतं रे. माणूस जगेल की जाईल ते सांगता येत नाही, तेव्हा म्हणतात."

"ते तुझ्या पुस्तकात. आमच्या डेपोत विचार कुणालाही."

"डॉक्टर काय डेपोत शिकलेत?"

"शिकले असतील कुठेही. बोलतात आपल्यासारखंच."

आपण चुकीचं ठरावं असं ताईला जन्मात पहिल्यांदाच वाटलं. बाकावर बसवेना, उभं राहवेना. ती दाराच्या काचेतून आत डोकावायची. नर्सची पाठ तेवढी दिसायची. शेवटी जिना उतरून तिने डॉक्टरांना गाठलं आणि इंग्रजीच्या वाटेला न जाता सरळ विचारलं.

"उद्यापर्यंत काहीच सांगता येणार नाही," ते म्हणाले. "मनाची तयारी ठेवा."

ती वर आली. जागरणाने भावाचे डोळे तांबारले होते आणि सकाळी त्याला बस काढायची होती.

"तुझंच बरोबर," ती म्हणाली. "घरी जा, जरा पड."

तो गेला. ताईचे पाय मात्र एका जागी ठरेनात. आईचं काही बरंवाईट झालं तर याला काय तोंड दाखवू? फोन हातात घ्यायची, पुन्हा पर्समध्ये टाकायची.

आई वाचली. ती घरी आल्यावर ताईने भावाला खरं काय ते सांगून टाकलं.

तो म्हणाला, "माहीत असून मला घरी पाठवलंस? मी थांबलो असतो ना तिच्याजवळ."

"तुझी झोप झाली नव्हती."

"ते मी ठरवलं असतं."

आतून आईने पाणी मागितलं, तशी दोघंही एकदमच उठली.