जोगता नसलेला

शिवाजी पेठेतला माझा मेकॅनिक हल्ली साडी नेसूनच गॅरेज उघडतो. पदर कमरेला खोचलेला, हात कोपरापर्यंत ऑइलनं काळे. कुणी हसलं, की मान वर न करता म्हणतो, "गाडीचं बोला, पावणं."

परवा एक म्हातारी त्याला देवीला वाहिलेला जोगता समजून पाया पडायला वाकली. जोगत्याच्या साडीला इथं कुणी हसत नाही. मला वाटलं, व्हय म्हण लेका, रोजची कटकट तरी मिटंल. त्यानं झटकन पाय मागं घेतले.

"मावशी, मी देवीचा न्हाय. मला आवडती म्हणून नेसतोय."

म्हातारीनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मग निऱ्या तरी सारख्या काढ की रं!" म्हणाली, आणि त्या नीट करायला पुन्हा वाकली.