शेजारच्या सीटवर

बसू गेल्याचा फोन आला त्या सकाळी मी आमच्या नांदेडच्या घराचं फाटक पाडलं. महानंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, आज गाडी चालवू द्यायची नाही असं मीच ठरवलं होतं. बसू तिचा पाठचा भाऊ. तिच्या हातातली किल्ली घेतली, धीराचे दोन शब्द बोललो, आणि फाटकाचा एकच पल्ला उघडलाय हे न बघता गाडी मागे घेतली. दुसरा पल्ला बिजागऱ्यांसकट आडवा. मोटारींच्या रॅलीत ज्यानं दोनदा देशाचं अजिंक्यपद आणलं, त्याच्या शेवटच्या दर्शनाला त्याचा दाजी असा निघाला. ती रडायची थांबली, उतरली, पल्ला ओढून बाजूला केला आणि माझ्या दारापाशी येऊन म्हणाली, "सरका." चाकूरपर्यंत तीच चालवत आली.

बसवराज तिथंच चाकूरला वाढला. घरची शेती, आणि मोंढ्याजवळ सासऱ्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. दुकानाची एक जुनी जीप होती. पावसाळ्यात शेताचा रस्ता म्हणजे काळ्या मातीचा नुसता लोण्याचा गोळा. तिथं बैलसुद्धा विचार करून पाय टाकायचे. त्या रस्त्यावर बसू जीप अशी काही आडवी सोडायचा की बघणाऱ्याला वाटावं, गेली आता विहिरीत... आणि ती बरोबर बांधाला लागून सरळ व्हायची. मी नवा जावई, कौतुकानं विचारलं, हे जमतं कसं? म्हणाला, "दाजी, चिखलात गाडी वळवायची नसती, तिला वळू द्यायची असती." मीही दुसऱ्या दिवशी तिला वळू दिली. ट्रॅक्टर बोलवावा लागला.

हीच माती त्याला पुढं कुठं कुठं घेऊन गेली! आधी राज्यातल्या स्पर्धा, मग कोइम्बतूर, मग अरुणाचलचे डोंगर. लातूरला त्यानं गॅरेज काढलं, आठवडाभर लोकांच्या गाड्या दुरुस्त करायच्या आणि त्यातून उरलेल्या वेळात स्वतःची बांधायची. एकदा डोंगरात गाडीची पुढची काच फुटली. तशीच, वारा आणि धूळ तोंडावर घेत, पहिल्या नंबरानं आणली. बक्षीस घेतानाचा त्याचा लालभडक डोळ्यांचा फोटो पेपरात आला, खाली लिहिलेलं : आनंदाश्रू! बसू म्हणाला, "खडे होते हो डोळ्यात."

रॅलीत चालवणाऱ्याच्या शेजारी एक जोडीदार बसतो. रस्त्याची वळणं आधी बघून लिहून ठेवलेली असतात, ती तो वाचत जातो आणि चालवणारा त्याच्यावर विसंबून गाडी फेकतो. बाकीच्यांचं हे सगळं इंग्रजी आकड्यांत चालायचं. बसूचा जोडीदार उदगीरचा, त्यामुळं यांच्या गाडीत आवाज यायचा, "डावं... लई डावं... दम धर... आता सोड!" कोइम्बतूरच्या कुणीतरी म्हणे चौकशी केली होती, हे दोघं भांडतात कशावरून?

पण जोडीदाराच्या त्या सीटवर बसू स्वतः कधी बसला नाही. दुसऱ्याच्या गाडीत त्याला बसताच यायचं नाही. पाय आपोआप ब्रेक शोधायचा, डोळा म्हणून मिटायचा नाही. पहिल्यांदा देशाचं अजिंक्यपद घेऊन आला तेव्हा चाकूरनं उघड्या जीपमधून मिरवणूक काढली. पहिल्याच चौकात त्यानं ड्रायव्हरला खाली उतरवलं. गुलाल डोळ्यात, स्टिअरिंग हातात, असा सत्कारमूर्ती स्वतःची मिरवणूक स्वतः चालवत निघाला. मागं उभा मी एकटाच. निम्म्या गावानं हार माझ्या गळ्यात घातले. मीही ते घेतले. नाही कसं म्हणणार?

आजार उशिरा कळला. उपचार नांदेडला, आमच्या घरापासून जवळच. सुरुवातीला स्वतःच गाडी घेऊन यायचा. मग एक दिवस अहमदपूरच्या बाहेर गाडी कडेला लावून त्यानं बहिणीला फोन केला, "अक्का, ब्रेकवरचा पाय कळून न्हाई राहिला." औषधांनी पायाची बोटं बधिर झाली होती. एवढंच बोलला, पण त्याचं काय गेलं ते तिला कळलं. आता प्रश्न आजाराइतकाच हाही होता, की हा माणूस दुसऱ्याच्या शेजारी बसणार कसा? पगारी ड्रायव्हर ठेवला. तो लोह्याला उतरला आणि एसटीनं घरी गेला. मग मी नेलं. घाट उतरताना बसू म्हणाला, "दाजी, तुम्ही गाडी चालवता का तिची समजूत घालता?" पुढच्या खेपेला औषधच नको म्हणाला. पडून राहतो इथंच.

तेव्हा महानंदा उठली. तिचं चालवणं म्हणजे घर ते शाळा आणि येताना भाजी. हायवे तिनं शेजारच्या सीटवरूनच बघितलेला. चाकूरला गेलो, तिनं त्याच्याच गाडीचं दार उघडलं, "बस." तो बसला. मी मागं. निघाल्यापासून त्याचं सुरू, "पुढं उजवं... टेम्पो हाय, दम धर... आता सोड." ती म्हणाली, "बसू, मला रस्ता दिसून राहिला. गप बस की रे!" "मी गप बसलो तर तू चाळीसच्या वर जाशील का?" "तू बोलून बोलून मला तिसात आणलंय!" असे ते दोघं भांडत नांदेडला पोचले, आणि पुढच्या खेपेला तो किल्ली हातात घेऊन ओट्यावर तयार होता. दर खेपेला त्याचं बोलणं थोडं कमी होत गेलं. मला वाटायचं, ताकद कमी होतेय.

परवा चाकूरला शोकसभा झाली. त्याच्या कामगिरीवर मी बोलायचं ठरलं होतं. मी सगळं सांगितलं, राज्याची पदकं, देशाची दोन अजिंक्यपदं, अरुणाचल, फुटलेली काच. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मग वाजवायला नको होत्या हे आठवून हात मांडीवर ठेवले. परतताना शेजारची सीट मोकळी होती, तरी मी सवयीनं मागंच बसलो. तिनंही पुढं या म्हटलं नाही. घाट उतरलो तसं मी विचारलं, "बोलण्यात काही राहिलं का?"

"सगळे कप आले," ती म्हणाली. पुढचा टेम्पो तिनं मागं टाकला... "शेवटच्या खेपेला माळाकोळीपासून तो झोपला होता. माझ्या शेजारी, मान खिडकीला टेकून. तुम्ही मागं घोरत होतात, तुम्हाला काय ठावं? दवाखान्याच्या दारात मी गाडी उभी केली, पण बंद न्हाई केली. बंद केली असती तर उठला असता."