पाऊण किलो तुरीचं बाहुलं

माणूस हवेत उडवायचं यंत्र नांदेडात बसवायचं ठरलं, तेव्हा त्या कामातल्या कुणीच तसं यंत्र डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. शेठनी दुबईतला एक व्हिडिओ फोनवर पाहिला होता, आणि मी तो शेठच्या फोनवर. बंद खोलीत खालून जोराचा वारा सोडायचा, माणसाने त्यावर पालथं पडायचं आणि तरंगायचं. शेठचे यात्रेकरूंसाठी तीन लॉज होते. "दर्शन अर्ध्या दिवसात उरकतंय. राहिलेला दीड दिवस माणसानं करावं काय, मॅडम?" असं ते विचारायचे. मला ते पटायचं. त्या वर्षी मला कुणाचंही काहीही पटायचं.

मी नांदेडात हवा खेळवायच्या पाइपांची कामं करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात इंजिनियर होते, त्यामुळे आराखडा माझ्या गळ्यात पडला. जागा मुदखेड रस्त्याला होती. "नवा जिल्हा झाला की बघा," हे शेठचं पालुपद. नवा जिल्हा उदगीरचा होणार की किनवटचा, आणि तो झाल्याने नांदेडात माणसांना उडायची हौस का सुटणार, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यांनी चहा मागवला.

माझा खरा मतलब वेगळाच होता. लातूरला माझे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, एका दाल मिलमध्ये पंख्यावर होते. तूर भरडली की वाऱ्याच्या झोतात फोलपट उडून जातं आणि डाळ खाली पडते. तो झोत सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला. दुष्काळात तूरच आली नाही, मिल बंद पडली, दादा घरी बसले. तरी रोज सकाळी मिलचा खाकी शर्ट घालून दारात बसायचे. ते बघून मला राग यायचा, आणि राग आल्याची लाजही वाटायची. नांदेडात एवढा मोठा पंखा बसला तर तो चालवायला माणूस लागेल, आणि तो माणूस दादा असतील, एवढाच माझा डाव होता. यात्रेकरू उडोत नाहीतर पडोत.

चाचणी त्या बंद मिलमध्येच घेतली. मालक हो म्हणाले. पंख्यावर पत्र्याचा रुंद पाइप उभा केला, पाइपात जाळी बसवली. माणसाऐवजी काय ठेवायचं यावर बराच खल झाला. शेठ म्हणाले, वजन म्हणजे वजन. मग पाऊण किलो तूर पिशवीत घट्ट बांधून जाळीवर ठेवली. पंखा घुमला, मिल दणाणली, पिशवी जागची हलली नाही.

"एवढीशी पिशवी उडंना, माणूस काय उडंल?" म्हणत शेठ गाडीकडे निघाले.

मी वही उघडून बघत राहिले. आकडेमोड तर बरोबर होती. मग चुकलं काय, वही की पिशवी? चार वर्षं शिकलेलं सगळं एका पिशवीपुढे पार गुंडाळलं गेलं.

"शेठ, चहा घ्या. आलोच मी," असं म्हणून दादांनी पिशवी उचलली आणि मिलमागच्या आमच्या घरी गेले. तासाभराने आले ते हातात एक खाकी बाहुलं घेऊन. आईने शिवलेलं. हात पसरलेले, पाय फाकलेले, आणि तीच तूर आत सगळीकडे पातळ पसरून टाके मारलेले. त्यांनी ते जाळीवर पालथं टाकलं आणि पंखा लावला. बाहुलं थरथरलं, उचललं गेलं आणि पाइपाच्या तोंडाशी झुलत राहिलं.

"फोलपट हलकं म्हून उडतंय व्हय? पसरट हाय म्हून उडतंय," दादा म्हणाले. "अंग चोरलं की पडतंय."

मी पालथ्या पसरलेल्या माणसाची रुंदी धरून गणित केलं होतं आणि चाचणीला गाठोडं ठेवू दिलं होतं. दादांचा अभिमान वाटावा की स्वतःची शरम, हे मला कळेना. शेठनी टाळ्याच वाजवल्या. "दादा, नांदेडात हे तुमीच चालवायचं बरं का!" बाहुलं ते लॉजच्या काउंटरवर मांडायला घेऊन गेले. जेवताना आईने मला हळूच विचारलं, "नांदेडात नळाला पाणी येतंय ना गं?" दुसऱ्या दिवशी दादा दारात बसले नाहीत. पांढरा शर्ट घालून चौकात गेले. मला बरं वाटलं. खाकी शर्ट कुठे गेला, हे काही मी विचारलं नाही.

माशी शिंकली ती पाण्यापाशी. नांदेडच्या बंद खोलीत तोच वारा फिरून फिरून तापणार, त्याला गार ठेवायला पाणी लागतं. परवानगीच्या अर्जात रोज किती पाणी लागेल असा रकाना होता. माझ्या अंदाजाने दोन टँकर.

"शून्य लिव्हा," शेठ म्हणाले. "नवा जिल्हा झाला की बघू."

रविवारी मी नेहमीप्रमाणे नांदेडहून पाण्याचे दोन कॅन घेऊन एसटीने लातूरला गेले. पिशवीत तो अर्ज होता, रकाना कोरा. रस्ताभर कॅन पायांत धरून मी कधी शून्य लिहायचं ठरवत होते, कधी दोन. घरी आल्यावर दादांना सगळं सांगितलं.

"किती म्हणलीस?"

"रोज दोन टँकर."

"आपल्या गल्लीला एक येतोय. आठ दिसाला." त्यांनी कॅन उचलून आत ठेवले. "मग मला काय इचारायलीस, माय? हाय ते लिही."

"पण दादा, तुमचं काम..."

"लिही म्हणलो ना."

मी लिहिलं. पाण्यावरून अर्ज अडला, शेठ माझ्याशी बोलेनासे झाले. पुढच्या रविवारी मी काउंटरवरून बाहुलं मागून घेतलं आणि घरी नेलं. आईने टाके उसवले, तूर घुगऱ्यांसाठी निवडायला घेतली. दादा ते रिकामं कापड हातात धरून बसले होते.

"मिल चालू झाली तर घालू काय?" ते आईला म्हणाले. "लाव परत."

आईने पेटीतून खाकी शर्ट काढला. त्याची अख्खी पाठ कापलेली होती. म्हणजे त्या दिवशी तासाभरात दादांनी मिल सोडली होती, आपल्या मनाने, कात्री लावून, शेठ काही बोलायच्या आधीच. आणि मी दोन टँकर लिहून त्यांना परत त्या दारात आणून बसवलं. मला रडू आलं. मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही सांगता येत नाही. आईला सुईचं नाक दिसत नव्हतं. दोरा मीच ओवून दिला, तोही तिसऱ्या खेपेला.