मावशीचा पाळणा रेकॉर्ड केला तेव्हा

वैजापूरच्या मावशीचं स्वरयंत्र काढावं लागणार होतं. ऑपरेशननंतर आवाज राहणार नाही, हे डॉक्टरांनी तिला स्पष्टच सांगितलं होतं. चार दिवस आधी ती मुलीला घेऊन सिडकोतल्या आमच्या घरी आली. माझ्या मावसबहिणीला तेव्हा सातवा महिना होता.

"तू घरी गाणी रेकॉर्ड करतूस ना? माझा पाळणा भरून घे," मावशी म्हणाली. "हिच्या लेकराला ऐकाया पाहिजे."

मी पंखा बंद केला, खिडकीला गोधडी टांगली आणि तिला माइकसमोर बसवलं. एकेका ओळीला तिला दम लागत होता. तासाभरात एक पाळणा झाला आणि ती आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली.

मी दुपारभर कॉम्प्युटरसमोर होतो. इक्वलायझरवर आधी रस्त्यावरून येणारी घरघर कापली. मग तिच्या आवाजातली खरखर दाबत गेलो. आजारानं आलेली ती खरखर मला ऐकवत नव्हती. वर मोठ्या सभागृहासारखा घुमणारा रिव्हर्ब दिला. आवाज गुळगुळीत झाला, मी लहानपणी ऐकलेल्या मावशीसारखा.

संध्याकाळी दोघींना ऐकवला. मावसबहीण रडायला लागली. मावशीनं मात्र शांतपणे विचारलं, "ही कोण गातीय?"

"तूच की."

"नाय रं. ही लई लांब बसलीय. पाळणा एवढ्या लांबून म्हणत्यात व्हय? लेकरू मांडीवर असतंय."

मी रिव्हर्ब जवळजवळ काढूनच टाकला, एका लहान खोलीपुरता ठेवला. खरखरीचं विचारलं, तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे. आता असाच हाय माझा आवाज."

ऑपरेशन नीट पार पडलं. पुढं मावसबहिणीला मुलगी झाली. मी वैजापूरला बघायला गेलो, तेव्हा ती मावशीच्या मांडीवर होती आणि शेजारी मोबाइलवर पाळणा चालू होता. मावशीनं मला बघून पाटी ओढली आणि लिहिलं, "आणखी तीन पाळणे येत होते."

ती दुपार मी यंत्रापुढं घालवली होती, आणि ती पलीकडच्या खोलीत नुसती पडून होती. आणखी काही म्हणायचंय का, एवढंही मी विचारलं नव्हतं.

त्या तिन्हींचे शब्द तिनं वहीत लिहून दिलेत. चाल घरात कुणालाच येत नाही.