सातच्या बसमधल्या बायकांची तपासणी

गोदामाच्या ठेकेदाराने आम्हा रात्रपाळीच्या बायकांना फसवलं. दर वर्षी सगळ्या बायकांची छातीची तपासणी करून देईन, असा शब्द त्याने मला दिला होता. तपासणी झाली ती फक्त दिवसपाळीची.

ठाण्याच्या इस्पितळात डॉक्टर मॅडम माझा रिपोर्ट वाचत होत्या, तेव्हा मला हेच आठवत होतं. त्या म्हणाल्या, "ताई, डाव्या स्तनात कॅन्सर आहे. काखेतल्या गाठीपर्यंत पोचलाय. उपचार आहेत, पण आता वेळ घालवायचा नाही."

नवरा खिडकीतून खालच्या गाड्या बघत राहिला. मी विचारलं, "वर्षभर आधी कळलं असतं तर?"

"कदाचित काखेपर्यंत गेला नसता."

हा 'कदाचित' मी घरी घेऊन आले.

मी किन्हवलीजवळच्या गावातली. आईबरोबर बाजारात काकडी-भेंडी विकत मोठी झाले, त्यामुळे भाव करणं मला येतं. शहापूरजवळ हायवेला ऑनलाइन मागवलेला माल पॅक करणारं गोदाम निघालं, तेव्हा आमच्याकडच्या बायकांच्या वतीने ठेकेदाराशी मीच बोलले. रात्रपाळी आम्हाला सोयीची वाटली. दिवस भाताच्या आवणीला, कापणीला मोकळा राहतो. झोप मध्येच कुठेतरी उरकायची.

मी घरापर्यंत बस मागितली, महिनाभर रात्र केली की महिनाभर दिवसपाळी मागितली आणि तपासणी मागितली. बस मिळाली. सकाळी सातला फाटकातून सुटायची आणि कोणासाठी थांबायची नाही. पाळी मात्र कधीच बदलली नाही. "दिवसवाल्या रातच्या यायला तयार नाय," ठेकेदार म्हणायचा. "आनि शेतीसाठी रात तुमालाच पायजे होती ना?"

तपासणीची गाडी दहाला यायची. तेव्हा आम्ही खाचरात गुडघाभर चिखलात असायचो. संध्याकाळी कामावर गेलं की ऑफिसबाहेर फोटो लावलेले दिसायचे, खाली लिहिलेलं: सर्व महिला कामगारांची तपासणी संपन्न. मी भांडले की तो म्हणायचा, पुढच्या टायमाला बघू.

गाठ मला आंघोळ करताना हाताला लागली. कच्च्या चिकूसारखी कडक, अजिबात न दुखणारी. माझ्या शेजारी पॅकिंग करणाऱ्या हिराला दाखवली. ती म्हणाली, "खोकी छातीला लावून उचलतेस गो वहिनी, त्याचा घट्टा पडलाय. दुखत नाय ना? मंग सोड."

आम्ही सगळ्याच खोकी छातीला टेकवून उचलतो, म्हणून सगळ्यांना ते पटलं. मलाही पटलं. मी हळदीचा लेप लावत राहिले. स्तनाचं बोंड आत ओढलं गेलं तेव्हा शहापूरच्या सरकारी दवाखान्यात गेले, तिथून ठाण्याला पाठवलं. बायांनो, दुखत नाही म्हणून गाठ सोडू नका. न दुखणारी आधी दाखवा.

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरतात. दुखतं, पण लवकर आटपतं. बायोप्सी म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं. सुई लावली की कॅन्सर पसरतो, असं आमच्याकडे छातीठोक सांगतात. मॅडमना विचारलं, ते खरं नाही.

आधी केमोथेरपी झाली, म्हणजे शिरेतून औषध. केस गेले, तोंड आलं, भाकरी कडू लागायची. केमोसाठी थांबायच्या बाकावर शेजारी टोकावड्याची, ढाबा चालवणारी एक बाई बसायची. पहिल्याच दिवशी तिने बाजारात विचारावं तसं विचारलं, "तुमची केवढी?"

"चिकूएवढी."

"माजी लिंबाएवढी. मंग तुमी मोठ्या व्यापारी."

त्या बाकावर मी हसले ते तिच्यामुळेच.

नंतर मास्टेक्टॉमी, म्हणजे पूर्ण स्तन काढण्याचं ऑपरेशन. मग रेडिएशन, म्हणजे किरणांचा शेक. ब्लाउज नव्याने शिवून घेतले. हात वर करायचा व्यायाम अजून करते.

मध्ये एकदा मॅडमना विचारलं, "हे रात्रपाळीमुळे झालं का?" त्या म्हणाल्या, "वर्षानुवर्षं रात्री उजेडात काम केलं की शरीराचं घड्याळ बिघडतं. त्याने बायकांमध्ये या कॅन्सरचा धोका वाढत असावा, असं संशोधकांना वाटतं. पण पुरावा पक्का नाही. तुमचा त्यामुळेच झाला, असं मी लिहून देऊ शकत नाही."

"निम्मं तरी लिहा."

"ताई, इथे घासाघीस चालत नाही."

त्यांचं बरोबर होतं. आपली बाजू कच्ची असेल तिथे अडून बसू नये, म्हणून तो सौदा मी सोडला. पण रात्रपाळीने धोका वाढत असावा अशी नुसती शंका असली, तरी तपासणी आधी कोणाची व्हायला हवी? दहाच्या गाडीची बाजू माझी पक्की आहे.

उपचार संपल्यावर मी सकाळी फाटकावर गेले. बस भरत होती. ठेकेदार म्हणाला, "आता बऱ्या झालात ना वहिनी? मंग कशाला भांडता?"

"तपासणीची गाडी बस सुटायच्या आधी आण."

"डॉक्टर लोक एवढ्या सकाळी येत नाय."

"मग त्या दिवशी बस थांबव."

"ड्रायवरला दुसरी फेरी असते."

त्याच्याकडे सगळ्याला उत्तर होतं. तेवढ्यात हिरा बसमधून उतरली. तिने माझा हात धरून स्वतःच्या काखेत नेला. वाटाण्याएवढं काहीतरी लागलं, कडक.

"दुखत नाय गो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिला घरी न सोडता तशीच दवाखान्यात नेली. बायोप्सी झाली आहे, रिपोर्ट यायचा आहे. माझं आयुष्य मॅडमनी वाचवलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण माझ्या वाट्याचा 'कदाचित' मी गिळला. हिराच्या वाट्याला तो आला, तर उत्तर ठेकेदाराने द्यायचं की त्याला ठेका देणाऱ्या कंपनीने, हे त्यांनी आपसात ठरवावं. सोमवारी सातची बस फाटकातून निघणार नाही. आम्ही सगळ्या बसमध्ये बसून असू आणि ड्रायवरला चावी फिरवू देणार नाही. कोणीतरी समोर येऊन सांगावं, फोटोखाली लिहिलेली आमची तपासणी कोणी केली.