फौजी ताफ्याच्या पुढे

मी स्कूटर शिकले तेव्हा मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, एकच अट घातली. कुणाच्याही पुढं जायचं न्हाई. देहूरोडच्या लष्करी कारखान्यात त्यांची हयात गेलेली. हद्दीतली वेगमर्यादेची पाटी दिसली की ते सायकलसुद्धा हळू करायचे.

मी पिंपरीला एका कंपनीत टायपिस्ट होते. नवऱ्याला त्याच्या कंपनीची बस नाक्यावर मिळे, मी मात्र एसटीच्या भरवशावर. आणखी एक लेटमार्क पडला तर घरीच बसा, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं. म्हणून मी घरातली स्कूटर मागितली. धाकट्या दिराचाही तिच्यावर डोळा होता.

"आधी मागं बसून बघतो," मामंजी म्हणाले. "भरवसा वाटला न्हाई तर किल्ली धाकट्याला."

सोमवारी सकाळी पदर खोचून निघाले. मागे धोतर आवरून आमचे न्यायाधीश. निगडीच्या अलीकडे पुढ्यात लष्करी ट्रकांची रांग लागली. फौजी ताफा ओलांडायची तिथली रीत ठरलेली होती. ट्रकच्या मागच्या फळीशी बसलेला जवान समोरचा रस्ता बघून हात हलवतो. मग तेवढा एकच ट्रक ओलांडायचा, पुढच्या मोकळ्या जागेत शिरायचं आणि पुढच्या जवानाच्या हाताची वाट बघायची.

मी हॉर्न दिला. जवानानं तळहात दाखवला. मुंबईकडे निघालेला टँकर धडधडत बाजूनं गेला आणि मग जवानाचा हात हलला. पण मला अट आठवली. मी मागेच राहिले. आता कंपनीचा भोंगा चुकणार, नोकरी जाणार, या विचारानं डोळे भरून आले. जवानानं पुन्हा हात हलवला.

"अगं, जा की," मागून आवाज आला.

"मामंजी, तुम्हीच म्हणाला होता..."

"फौजेचा हुकूम हाय. तो मोडायचा न्हाई."

मग काय विचारता. माझा उजवा हात अ‍ॅक्सिलरेटरवर, म्हणून मागच्यांना इशारा द्यायला मामंजींचा हात बाहेर. तळहात दिसला की आम्ही थांबायचो, हात हलला की सुटायचो. एकेक ट्रक मागे पडत गेला. शेवटी सगळ्यात पुढच्या जीपला मामंजींनी मागच्या सीटवरून कडक सलाम ठोकला, तेव्हा मला हसू आवरेना. इतकी खूश मी लग्नातही नव्हते.

गेटात शिरले तेव्हा भोंगा वाजायचा होता. मामंजी खाली उतरले, टोपी सारखी केली आणि निकाल न सांगताच एसटीकडे चालू लागले. दिवसभर माझं टायपिंगमध्ये लक्ष नव्हतं.

संध्याकाळी घरी आले तर दीर ओट्यावरच उभा. त्यानं किल्लीसाठी हात पुढे केला.

"ती किल्ली तिची हाय," मामंजी आतून म्हणाले. मग बाहेर येऊन माझ्याकडे बघितलं. "उद्या मला चिंचवडला सोड. आन् परत ताफा लागला तर बरं हुईल."