तीन गैरहजेऱ्या

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. कॉलेजात असताना ती सहा फूट चार इंच होती, वजन एकशे दहा किलो होतं आणि मी पुरुष होते.

हसायचं तर हसा. इंटरनेटवर तेव्हा तसा एक खेळ होता. टीव्हीवर ती परदेशी कुस्ती लागायची ना, मिरवत येणाऱ्या, माइक घेऊन एकमेकांना धमक्या देणाऱ्या पहिलवानांची? त्याच धर्तीवर जगभरची माणसं आपापला पहिलवान बनवायची. बनवायची म्हणजे लिहायची. आधी एक फॉर्म भरायचा: उंची, वजन, गाव, स्वभाव, मैदानात कसा येतो, शेवटचा डाव कोणता. मग आठवड्याला जोड्या लागायच्या. दोघांनी आपापल्या पहिलवानाच्या तोंडून एकेक मजकूर लिहायचा आणि शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत टाकायचा. तीन पंच दोन्ही वाचायचे. ज्याचं लिहिणं चांगलं, त्याचा पहिलवान जिंकला. सोमवारी निकाल. सगळं इंग्रजीत. माझं इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन लिहिलेलं असायचं.

मी भातकुलीहून अमरावतीला अपडाऊन करायची. घरी वांगी, मेथी, झेंडू. बाबा ते अमरावतीच्या मंडीत आणायचे. कॉलेज सुटलं की मी एका सायबर कॅफेत काउंटरवर बसायची, त्यामुळे कॉम्प्युटर फुकट होता. गावात लाल मातीचा आखाडा होता, पण पोरींनी त्याच्या भिंतीजवळही उभं राहायचं नाही असा दंडक. बरं, नाही राहिले उभी. सहा फूट चार इंच झाले.

ती वर्षं वऱ्हाडात कशी होती ते मी सांगायला नको. कॅफेत पेपर यायचा. पहिल्या पानावर रोज फास घेतलेल्या शेतकऱ्याचं कुठलं तरी गाव असायचं, कधी दर्यापूरकडचं, कधी अंजनगावकडचं. सुरुवातीला मी गावाचं नाव वाचायची, मग नुसता मथळा, मग तोही सोडला. एकदा आमच्या शेजारच्या गावचं आलं, माणूस ओळखीचा होता. मी पान उलटलं आणि गिऱ्हाईकाला झेरॉक्स काढून दिली. खोटं कशाला बोलू, मला काही वाटायचंच नाही. काय ते वाटायचं शनिवारी, सहाला दहा मिनिटं कमी असताना.

नियम कडक होते आणि मला ते आवडायचे. दुसऱ्याच्या पहिलवानाच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही, हा पहिला. लिहिता लिहिता कुणाला मारून टाकायचं नाही, हा दुसरा. इथं कुणी मरत नाही, असं ठळक अक्षरात लिहिलेलं होतं. तिसरा हजेरीचा. येणार नसाल तर रजेच्या पानावर कारण टाका, जागा राखली जाईल. न सांगता लागोपाठ तीनदा गैरहजर राहिलात की नाव कमी. तो कोण कुठला परदेशी साहेब हा सगळा कारभार बघायचा. आमच्या कॉलेजच्या ऑफिसात असा एक माणूस असता तर काय पाहिजे होतं!

एकदा एका नव्या पहिलवानाच्या मजकुरात, त्या सगळ्या इंग्रजीत, एक वऱ्हाडी ओळ आली: 'काऊन बे, घाबरला का?' मी खुर्चीतच उडाले. लगेच खासगी निरोप टाकला, कुठचा रे तू? उत्तर आलं, अकोला. आमची पिंजाऱ्याची दुकान आहे, गाद्या-रजया. मी लिहिलं, मी अमरावती. तो म्हणाला, 'मंग भाऊ, जोडी लावू.' दोघांनी एका बाजूनं लढायचं, अशाही कुस्त्या असायच्या. खरं नाव सांगायचं नाही हाही एक नियमच होता, म्हणून मी भाऊच राहिले.

त्याचा पहिलवान माझ्यासारखा राक्षस नव्हता. सहा फूट, ब्याऐंशी किलो, डाव्या भुवईवर व्रण, डावखुरा, कमी बोलणारा. नाव एका शब्दाचं, घरात हाक मारतात तसं. ते मी इथे लिहिणार नाही. माझा पहिलवान गरजायचा आणि त्याचा हळूच एखादं वाक्य बोलून निघून जायचा. पंच त्यालाच जास्त गुण द्यायचे, म्हणून माझा जळफळाट व्हायचा.

तेव्हा लोडशेडिंग भयानक. अमरावतीची लाईन गेली की अकोल्यात असायची आणि अकोल्याची गेली की आमच्याकडे यायची. नेमकं शनिवारी सहाला अंधार झाला तर काय करायचं? म्हणून आम्ही एकमेकांना पासवर्ड देऊन ठेवले. तो दुपारीच मजकूर मेल करायचा, मी त्याच्या नावानं टाकायची. माझा तो टाकायचा. पंचांना काय पत्ता! तसं ते नियमात बसतही होतं, कारण शब्द ज्याचे त्याचेच होते.

मग एका उन्हाळ्यात त्याचा मजकूर आला नाही. मला वाटलं, लाईन नसेल. दुसऱ्या आठवड्यातही नाही. मी निरोपावर निरोप टाकले: 'अबे जिता आहेस का?' उत्तर नाही. तिसऱ्या शनिवारी पाच वाजता मी घड्याळ बघत बसले होते. एक तास, आणि त्याचं नाव कमी होणार. त्याच दिवशी सकाळच्या पेपरात दोन गावं होती आणि त्यांचं मला काही वाटलं नव्हतं. एका कागदी पहिलवानासाठी मात्र माझे हात थंड पडले. लाज वाटायला हवी होती, तीही वाटली नाही.

मी त्याच्या नावानं आत शिरले आणि त्याचा मजकूर मीच लिहिला.

तो जिंकला. मग पुढच्या शनिवारी पुन्हा लिहिला. असे सहा आठवडे. माझा हात सैल सुटला होता. तो कमी बोलणारा माणूस माझ्या हातात पडल्यावर विनोद करायला लागला, प्रतिस्पर्ध्याच्या ढेरीवर बोलायला लागला, खदाखदा हसायला लागला. लोकांना लई आवडला. सहाव्या आठवड्यात आमच्या जोडीनं अजिंक्यपदाचा पट्टा जिंकला आणि जगभरातून त्याचं अभिनंदन झालं. मी दोन्ही नावांनी आभार मानले.

पट्ट्याची पुढची कुस्ती मोठी होती: हरला तो कायमचा बाहेर. अशा कुस्तीला दोन्ही जोडीदारांची संमती त्यांच्या स्वतःच्या मेलवरून लागायची, आणि त्याच्या मेलचा पासवर्ड माझ्याकडे नव्हता. तेवढ्यासाठी मी अकोल्याला गेले. त्याची काळजी वाटली म्हणून गेले असं सांगायला छान वाटलं असतं. पण सही आणायला गेले.

बडनेरा, मूर्तिजापूर करत एसटीनं बाराच्या उन्हात उतरले. दुकानाची खूण त्यानं कधीतरी लिहिली होती: रांगेतलं शेवटचं, पुढ्यात बंद पडलेली पिंजायची मशीन, तिला शेळी बांधलेली. शेळी होती. आत एक विशीतला मुलगा गादीवर काठी मारून रुई सारखी करत होता. मागे त्याची आई पाय पसरून रजईला दोरे टाकत होती.

"बोला ताई, गादी का रजई?"

"गादी नाही पायजे. मी अमरावतीहून आली. तुया जोडीदार."

त्याची काठी तशीच थांबली. त्यानं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तसं बघायला मिनिट लागत नाही, मी आहेच केवढी.

"तू? भाऊ?"

"हो. मीच भाऊ."

त्यानं एक स्टूल पुसलं, माठातलं पाणी दिलं. मी पाणी पीत असताना म्हणाला, "मी पायलं सगळं. मागच्या आठवड्यात कॅफेत गेलतो, नाव कमी झालं का ते पायाले. तं तो तिथं पट्टा घेऊन हसून राहिला."

"तुयं नाव जाऊन राहिलं होतं म्हणून लिवलं," मी म्हणाले. "वाचवलं ना तुले."

"तुले कोणी सांगतलं वाचवाले?"

तो चिडून बोलला नाही. त्यानं आतल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे एक फोटो होता. लंगोट घातलेला तरुण, मातीनं माखलेला, डाव्या भुवईवर व्रण. खाली उर्दूत नाव असावं, पण मला ते वाचायची गरज नव्हती.

"मोठा भाऊ," तो म्हणाला. "मामाच्या वावरात कपाशी करे. खेळाच्या आदल्या वर्षी गेला."

त्या वर्षांत आमच्याकडे कुणी 'गेला' म्हटलं की कसा, हे विचारत नसत. मीही विचारलं नाही.

मग त्यानं सांगितलं. तो नियम वाचून तो खेळात शिरला होता, इथं कुणी मरत नाही हा. फॉर्ममध्ये त्यानं भावाचीच उंची, भावाचंच वजन भरलं. दर सोमवारी निकाल लागला की आईला हिंदीत करून सांगायचा, आज तो कुठे गेला, काय बोलला. वर्षभर सांगितलं. मग एक दिवस त्याच्याच्यानं होईना. "मले वाटलं, आपण नाही मारायचं. तीन गैरहजेऱ्या झाल्या की आपोआप नाव कमी होते. कोणाच्या हातानं नाही. असंच जायले पायजे होता तो." तो पुन्हा रुईवर काठी मारायला लागला. "मंग तू त्याले हसवलं. ढेरीचे विनोद केले. माहा भाऊ असा नव्हता बोलत."

"राग आला?" मी विचारलं.

"काहीच नाही वाटलं. तेच तं."

"मलेही काही वाटत नाही. लई दिवसांपासून," मी म्हणाले. हे मी पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते आणि तेही एका अनोळखी मुलाला, गाद्यांच्या दुकानात.

आई इतका वेळ सुई चालवत होती. तिनं दोरा तोडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "फिर क्या हुआ उसका? इतने हफ्ते?"

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली, पण नको म्हणाला नाही. मग मी सांगितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत, सहाच्या सहा कुस्त्या. कुठल्या गावी झाली, समोर कोण होता, यानं डाव्या हातानं कसा कवळा घातला, लोक कसे उभे राहिले. ढेरीचे विनोद मी गाळले. पट्टा जिंकल्यावर तो हसला तिथं आले तेव्हा थांबले, कारण ते मी घातलेलं होतं.

"हँसा?" तिनं विचारलं.

"हाँ. खूप हँसा."

तिनं सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही, मुलाकडे दिला. मग म्हणाली, "बहुत घूमा. थक गया होगा. अब घर आने दो उसे."

संमतीचं मी विचारलंच नाही. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले, काय दिसलं ते आठवत नाही.

मी ठरवलं, आता त्याच्या नावाला हात लावायचा नाही, होऊ दे तीन गैरहजेऱ्या. स्वतःचाही मजकूर टाकला नाही. एकटा काय गरजणार तो! पहिला शनिवार गेला. सहा वाजता मी हात मांडीवर ठेवून बसले. दुसरा गेला. पट्टा आमच्याकडून काढून घेतला, लोक चिडले, साहेबानं विचारलं, कुठे आहात तुम्ही दोघे? मी उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या शनिवारी पाच वाजून चाळीस मिनिटांनी त्याच्या नावापुढे हिरवा दिवा लागला. मी काउंटर सोडून कॉम्प्युटरपाशी धावले. मागून गिऱ्हाईक ओरडलं, "ओ ताई, प्रिंट!" मी म्हटलं, थांब ना बे जरा.

त्यानं कुस्तीचा मजकूर टाकला नव्हता. रजेच्या पानावर गेला होता. वर्षभरात त्या पानावर तो पहिल्यांदाच आला होता. नावाच्या रकान्यात भावाचं नाव होतं. किती दिवस, हा रकाना कोरा. कारण, या रकान्यात इंग्रजी अक्षरांत आपल्या बोलीतले दोन शब्द: 'घरी आला.'

दिवा विझला. साहेबानं थोड्या वेळानं खाली लिहिलं, कुणाला समजतंय का? कृपया कोणीतरी इंग्रजीत सांगा.

दुसऱ्याच्या पहिलवानाच्या तोंडी एक शब्द घालायचा नाही. मी तो नियम सहा आठवडे मोडला होता आणि मला काही वाटलं नव्हतं. आता फक्त दोन शब्द इकडचे तिकडे करायचे होते, तर माझी बोटं चालेनात. मी रडत होते. कॉम्प्युटरसमोर, भर उजेडात, गिऱ्हाईक बघत असताना, हुंदके देऊन रडत होते. त्या एका पहिलवानासाठी, पेपरातल्या त्या सगळ्या गावांसाठी, ज्यांची पानं मी उलटली होती त्या माणसांसाठी. किती वेळ रडले कुणास ठाऊक. गिऱ्हाईक बिचारं प्रिंट न घेताच गेलं.

मग डोळे पुसले आणि साहेबाला इंग्रजीत लिहिलं: तो घरी पोचला आहे. त्याची जागा राखू नका.